आपोआप काही होत नाही

टाकेताईचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता, आणि तो उगाच नसतो हेही ठाऊक होतं. पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन, शेजारी कॉम्प्युटर, आणि मधल्या दारापाशी खाटेवर तिची आई. आईनं जन्मभर हातानं भरतकाम केलं. वेली, पानं, पाखरं, सगळं तिच्या डोक्यातलं. नजर अधू व्हायला लागली, बोटं वाकडी झाली, तेव्हा लेकीनं तिला शेजारी बसवून एकेक नक्षी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. "पान जरा झुकव गं, ते काय कवायतीला उभं आहे?" असं म्हातारी खेकसायची आणि लेक मुकाट्यानं पान झुकवायची. कुणापुढे मुकाट बसायची तिची ती एकच वेळ.

आता म्हातारीची नजर पुरती गेली होती. पण मशीन सुरू झालं की नुसत्या आवाजावरून ती ओळखायची. "चिमणी चाललीय ना? शेपटीच्या वळणावर धागा तुटेल, लक्ष ठेव." आणि धागा तिथंच तुटायचा.

टाकेताईचा नवरा ऑर्डरी घ्यायचा आणि कॉम्प्युटर बघायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडी एक शब्द बसला होता. दूध आपोआप उतू जायचं, किल्ली आपोआप हरवायची. टाकेताईनं त्याचं नावच आपोआपराव ठेवलं होतं.

त्याला तिनं हजारदा बजावलं होतं. या धंद्यात प्रत्येक कंपनीच्या मशीनची फाईल वेगळी, तिच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी तीन अक्षरं वेगळी. त्या अक्षरांना ती शेपूट म्हणायची. "जनावर ओळखायचं तर आधी शेपूट बघा. अनोळखी दिसलं तर हात लावू नका, मला हाक मारा." सगळ्या नक्ष्यांची दुसरी प्रत तिनं एका वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. "काम झालं की डिस्क काढून कपाटात." तर हा म्हणे, रोज काढ-घाल कोण करणार? डिस्क बारा महिने कॉम्प्युटरलाच लटकलेली.

त्या दिवशी आईला शेजारी भजनाला बसवून ती रीळं आणायला गेली आणि याला कुठल्याशा साईटवर दिसलं, 'हजार नक्ष्या फुकट'. फुकट म्हटलं की झालं! फाईल उतरली. तिचं शेपूट होतं 'exe', म्हणजे नक्षी नव्हे, अख्खा प्रोग्रॅम. दुसऱ्या कुणाला शंका आली असती, पण रोज शेपटांचे शंभर नमुने बघणारा हा, त्याला वाटलं, असेल एखाद्या नव्या मशीनचं. अँटीव्हायरसनं लाल पाटी दाखवून बोंब मारली. पण साईटवरच लिहिलं होतं, अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर नक्ष्या उघडणार नाहीत. यानं केला बंद. चोरानं सांगावं कुत्रं बांधून ठेवा, आणि घरमालकानं ते बांधावं! मग त्यानं फाईल उघडली. काहीच दिसलं नाही, म्हणून स्वारी चहा करायला गेली.

टाकेताई परतली तेव्हा पडद्यावर 'फायलींना कुलूप लावलंय, पैसे भरा' अशी पाटी होती आणि एकही नक्षी उघडत नव्हती. लटकलेल्या डिस्कवरचीही नाही.

"मी काही केलं नाही गं," तो म्हणाला. "आपोआप झालं."

"आपोआप?" तिनं हातातली पिशवी आदळली. रीळं घरभर घरंगळली. "अहो, पापणीसुद्धा आपोआप लवत नाही तुमची! आईनं डोळे घालवले त्या नक्ष्यांपायी. आणि तुम्ही फुकटापायी घालवल्यात!"

आई परतायच्या आत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा येऊन बघून गेला. मशीनची स्वतःची साठवण तेवढी धड होती, पण तिच्यात आईची एकही नक्षी नव्हती. कॉम्प्युटर पुसून चालू होईल, म्हणाला, फायलींचं सांगता येत नाही, आणि पैसे भरलेत तरी त्या मिळतीलच असं नाही.

सकाळी नवऱ्यानं हळूच अक्कल पाजळली. "आईंना कळू द्यायला नको. मशीनमध्ये कंपनीनं दिलेलं एक फूल आहे, तेच लावतो."

"लावा," टाकेताई दात खात म्हणाली. "लावा नि बघा."

मशीन सुरू झालं. म्हातारीनं मान वर केली. थोडा वेळ ऐकलं.

"हे कुणाचं?"

नवरा उगाच रीळं सारखी करू लागला.

"जावईबापू, हे माझं नाही."

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मशीन बंद केलं आणि हाताची घडी घातली. "माझ्याकडे काय बघता? सांगा ना. तुमचा तो शब्द आहे ना, घाला तिच्या कानावर!"

तो खाटेपाशी जाऊन उभा राहिला. "आई, तुमच्या नक्ष्या गेल्या. मी अनोळखी फाईल उघडली. हिनं नको म्हणून सांगितलं होतं. लाल पाटी आली होती, ती मीच बंद केली."

"सगळ्या?"

"सगळ्या."

म्हातारी वाकडी बोटं पदरावरून फिरवत राहिली. "चिमणीपण?"

त्यानं मान हलवली. तिला मान दिसत नाही, एवढंही त्याला सुचेना.

"तोंडानं सांगा!" टाकेताई ओरडली, आणि तिचा आवाज फाटला.

"हो आई. चिमणीपण."

म्हातारीनं भिंतीकडे कूस वळवली. "मग ते मशीन बंदच राहू द्या," ती म्हणाली. "दुसऱ्याचं ऐकवत नाही मला."