हात लावून बघ

कुसगावच्या घरी ट्रंक आवरताना जुना सेन्सर सापडला. त्याला अजून ग्रीसचा वास होता. कणांना वेग देणाऱ्या यंत्रातल्या, द्रव हेलियममध्ये बुडवलेल्या अतिवाहक पोकळीला असे शेकडो सेन्सर आम्ही बाहेरून चिकटवायचो. आत भरकटलेले इलेक्ट्रॉन भिंतीवर जिथे आपटत, तिथली अंशाच्या हजाराव्या भागाएवढी ऊबही आम्हाला कळायची.

त्या वासासरशी ओटीवर घोंगडी पांघरून बसलेले माझे वडील, आबा, दिसले. प्रयोगशाळेत परतायच्या घाईत मी बूट चढवत होतो.

"जरा हात लावून बग रं, ताप हाय का."

"थर्मामीटर कपाटात आहे, आबा. हाताला काय कळतंय?"

"ऱ्हाऊ दे. तुजी गाडी चुकंल."

संध्याकाळी आईनं फोनवर सांगितलं, ताप मुळीच नव्हता. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ताप नव्हता तर हात कशाला हवा होता, हे आबा गेल्यावर कळलं.