तीन वेळची आंघोळ

माणूस या जगात कधीच एकटा नसतो. हे मला औरंगाबादेत, सरकारी दवाखान्यातल्या त्वचाविभागाच्या बाकावर कळलं. त्याच बाकावर पिशोरकडचा एक म्हातारा मेंढपाळ नातीला घेऊन बसला होता. तिच्या कोपरांवर इसबाचे चट्टे होते. शाळेत तिच्याजवळ कुणी बसेना, म्हणून तो तिला दिवसातून तीनदा साबणानं घासून आंघोळ घालायचा.

त्यांचा नंबर आला. उघड्या दारातून डॉक्टरबाईंचा आवाज येत होता. "आजोबा, जंतू सगळ्यांच्याच अंगावर असतात, माझ्यासुद्धा. घासून कातडी कोरडी पडते आणि तिथं नको ते जंतू वाढतात. आंघोळ एकदाच, आणि अंग ओलसर असतानाच हे मलम लावा."

म्हातारा पुन्हा बाकावर येऊन बसला. मला म्हणाला, "साहेब, मेंढरं धुतली की आम्ही चार रोज कातरत नाय. अंगातलं तेल वर येऊ देतो. अन् ह्या लेकराला घासत बसलो."

त्यानं नळावर तिचे हात ओले करून आणले आणि मलम हळूहळू चोळलं.

"आता जाशील ना साळंत?"

"मास्तर म्हणतेत, आंघोळ करून ये."

"त्यांला सांग, तुमच्या बी अंगावर जंतू हायेत."

मुलगी खुदकन हसली. तिच्या आणि माझ्यामध्ये बाकावर एक माणूस बसेल एवढी जागा होती. ती मी आल्याआल्याच सोडली होती.