फुगलेले अकरा लॅपटॉप

शाळेत सगळे तिला चार्जिंगबाई म्हणायचे. एकोणीस वर्षं ती संगणकखोलीची मदतनीस होती. चाळीस लॅपटॉप, एक लोखंडी कपाट आणि त्याची चावी, एवढा तिचा कारभार. कुठल्या लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते, कुठला चार्जरला लावला की तापतो, सगळं तोंडपाठ. कुणी शिकवलं नव्हतं. हाताळून हाताळून कळलं होतं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी नवे मुख्याध्यापक खोलीत आले. "बाई, सगळे चार्जरला लावून ठेवा. शाळा उघडली की तयार हवेत."

"सर, महिनाभर असे लावून ठेवले तर बॅटऱ्या खराब होतात. निम्म्या चार्ज करून बंद ठेवू या. कपाटात उकाडाही फार होतो."

"दर वेळी फाटे फोडता तुम्ही. सांगितलंय तेवढं करा."

तिनं चाळीस पिना खोचल्या, कपाटाला कुलूप घातलं, चावी सरांकडे दिली. सुट्टीत राहवेना म्हणून दोनदा शाळेपर्यंत चालत गेली. सर बाहेरगावी, चावी त्यांच्याकडे. पहारेकरी म्हणाला, "कशाला जिवाला घोर लावून घेता, बाई?"

शाळा उघडली. सरांनी कुलूप काढून दिलं आणि ते ऑफिसात गेले. कपाटाचं दार उघडताच गोडसर, औषधासारखा वास आला. तिनं आधी मेन स्विच बंद केला. अकरा लॅपटॉप फुगले होते. झाकणं मिटत नव्हती, बटणांची पाटी वर आली होती. एकेक लॅपटॉप दोन्ही हातांनी अलगद धरून तिनं पेट घेतलाच तर म्हणून मागच्या अंगणात वाळूवर नेऊन ठेवला. अकरा फेऱ्या झाल्या. गुडघे बोलायला लागले.

सर येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही मला नीट बजावायला हवं होतंत."

उत्तर ओठांवर आलं होतं. पण भांडायचं त्राण नव्हतं. "यापुढे बजावीन," एवढंच ती म्हणाली. सर जरा घुटमळले. मग खिशातून चावी काढून त्यांनी गुपचूप तिच्या हातात ठेवली. चुकलं म्हणून मात्र म्हणाले नाहीत.

घरी आली तर मुलगा पलंगावर आडवा, मोबाइल उशीखाली चार्जिंगला. तिनं हात घातला, तर चटका बसण्याइतका तापलेला.

"अरे, किती वेळा सांगू? उशीखाली ठेवत जाऊ नकोस."

"आई, तुझी शाळा घरी नको गं."

तिनं पिन काढली, मोबाइल गार फरशीवर ठेवला आणि चपला न काढताच खुर्चीत टेकली. सून पाणी घेऊन आली, तोवर तिचा डोळा लागला होता.