ट्रॉलीखालचा श्वास

माझ्या नवऱ्यानं आसनं सुरू केली ती पाठदुखीमुळे. सौसरला आमच्या घराच्या गच्चीवर रोज पहाटे चटई टाकून ते वाकायचे, थरथरायचे आणि तसेच थांबून राहायचे. पाठ बरी झाली, तरी त्यांनी ते सोडलं नाही.

"आता कायले करून राहिले?" मी विचारायची.

"थांबून पाहून राहिलो," एवढंच म्हणायचे.

एका हिवाळ्यात बोरगावच्या वावरात संत्र्याची तोड चालू होती. संत्र्याच्या पेट्यांनी, कॅरेटांनी, भरलेली ट्रॉली बांधावरून घसरून कलंडली आणि हे तिच्याखाली सापडले. मी धावत गेले, तेव्हा त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत दबलेला होता. मजूर ओरडत होते, कुणी त्यांना खांद्याला धरून ओढू पाहत होतं. हे मात्र ओरडत नव्हते. चेहरा पांढराफटक पडला होता, पण छाती संथ वरखाली होत होती.

"ओढू नोका," ते मजुरांना म्हणाले. "आधी कॅरेट उतरवा. मंग जॅक लावा." माझ्याकडे वळून म्हणाले, "रडू नोको. माह्या संगं श्वास घे."

मी मातीत बसून त्यांचा हात धरला. कळ आली की त्यांची मूठ आवळायची, मग श्वास लांब व्हायचा आणि मूठ सैल पडायची. जॅक यायला बराच वेळ लागला. तोवर माझाही श्वास त्यांच्या श्वासाला लागला होता. इतकी वर्षं एका घरात राहूनही हा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

नागपूरच्या दवाखान्यात पायात सळई टाकली. तिथं मी विचारलं, "तुम्हाले दुखत नोव्हतं काय?"

"लय दुखत होतं वं. पण आसनात पाय ताणला का जीव म्हणते, सोड, पळ. तवा पळाचं नाही, श्वास सोडत थांबाचं. रोज तेवढंच शिकलो. ट्रॉलीखाली पळाले जागाच नोव्हती, अन् थांबणं मले येत होतं."

आता ते थोडे लंगडतात. खुर्चीवर बसून जमेल तेवढं करतात. मीही शेजारी चटई टाकते. परवा मी पुढं वाकले, तर मांड्यांमागे आग लागल्यासारखं झालं. सोडून द्यावंसं वाटलं; सोडलं नाही. श्वास सोडला. दुखणं होतं तिथंच होतं, पण मी त्याच्याहून मोठी होत गेले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय झालं?" यांनी विचारलं.

मी तशीच वाकलेली राहिले आणि म्हणाले, "थांबून पाहून राहिली."