वली सरांचं गिऱ्हाईक

पिंपळदरीत वली मनियार असं पूर्ण नाव कुणी घेत नाही. "वली सर" म्हटलं की पुरे. आणि त्यांच्या शाळेविषयी विचारलं, तर पारावरची माणसं गालात हसून सांगतात, "तिथं 'अ' अननसाचा न्हाय बरं का, 'अ' अडत्याचा." हे खोटं आहे. पण अगदीच खोटं नाही.

गाव येडशीपासून आठ किलोमीटर आत, डोंगराला टेकून बसलेलं. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. वली सर तिथं चौदा वर्षं टिकून आहेत, आणि विषय कुठलाही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ह्यात गिऱ्हाईक कोण? त्याची अडचण काय?" इतिहासात जुन्या तेर नगरीचा व्यापार आला, की हे पोरांना थेट दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलगाडीवर बसवणार. समुद्रापलीकडच्या माणसाला काय हवंय, आणि मग तू गाडीत काय भरशील? विज्ञानात दह्याचा धडा आला, की आधी गल्लीत जाऊन या, थंडीत दही लागत नाही म्हणून कोण कोण कुरकुरतं ते ऐका, मग पुस्तक उघडा. कवितासुद्धा सुटत नाही. "ही आता कुणाच्या घरी नेऊन द्यावी वाटते?" एका पोरानं सांगितलं, शेजारच्या काकूला, तिचा ल्योक फौजेत गेलाय. गेलं ते पोरगं, उंबऱ्यात उभं राहून सगळी कविता म्हणून आलं. काकूनं त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला, ही बातमी दुसऱ्या दिवशी वर्गभर झाली आणि कवितेची मागणी एकदम वाढली.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सर, ही शाळा आहे का दुकान?"

"शाळाच आहे साहेब," सर म्हणाले. "पण दुकानदाराला समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. मास्तरलोकांना ती सवय नसते, म्हणून लावून घेतोय."

साहेबांनी चहा अर्धा ठेवला. सरांचं हे असंच, तोंडावर ताबा कमी.

ही विद्या त्यांना डी.एड.ला मिळालेली नाही. ती आईची, फातिमाबीची. त्या डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन वीसेक गावं फिरायच्या. बाईचा हात हातात घेऊन नुसता दाबला की त्यांना माप कळायचं, आणि माप कळेपर्यंत घरचं सुखदुःखही कळायचं. त्या धंद्याचा एक रिवाज आहे. भरताना बांगडी फुटली तर ती मनियाराची, हातात बसल्यावर फुटली तर बाईची. वली सरांनी तो रिवाज जसाच्या तसा वर्गात आणला. शिकताना झालेली चूक मास्तरची. त्यामुळे त्यांच्या वर्गात पोरं चुकायला भीत नाहीत, आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी म्हणतात तसा गोंगाट होतो.

पण सरांच्या मनात एक सल आहे आणि तो ते लपवत नाहीत. त्यांची धाकटी बहीण अलिजा सातवीत पहिली आली आणि पुढची शाळा लांब म्हणून घरी बसली. सर तेव्हा अकरावीत होते. घरात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी तो टाकला नाही. ह्याची त्यांना अजून लाज वाटते. म्हणूनच दरवर्षी सातवीचा निकाल लागला, की बाकीचे पेढे खातात आणि वली सरांचा पेढा हातातच राहतो.

यंदा सातवीतून सात पोरी पास झाल्या. येडशीला हायस्कूल आहे, पण जायचं कसं? सकाळी एक जीप वडापला जाते, तिला बाहेरून माणसं लोंबकळतात. एस.टी. गावात येत नाही. सातांपैकी सगळ्यात चलाख शिवकन्या, आणि तिच्या घरात हुकूम चालतो तो आजीचा, कडूबाईचा. कडूबाईनं एका वाक्यात निकाल दिला होता. "गाडी आली तर जाईल, न्हायतर सातवी लई झाली, शेरडं राखील." बाकीच्या सहा घरांचे कान कडूबाईकडेच होते.

गाडीसाठी अर्ज गावानं पूर्वीही केले होते. सगळ्यांत "गैरसोय" आणि "दया". उत्तर एकाचंही नाही. जानेवारीत सरांनी त्यातला एक जुना अर्ज सातवीच्या वर्गात वाचला आणि विचारलं, "ह्यात गिऱ्हाईक कोण?"

"आमी," पोरं म्हणाली.

"न्हाय सर," शिवकन्या म्हणाली. "गाडी आपुन इकत घ्यायलो न्हाय, डेपोला आपला रस्ता इकायलोय. गिऱ्हाईक डेपो. आन् त्येची अडचण रिकामी गाडी."

मग दोन महिने सगळे विषय एकाच कामाला लागले. भूगोलात वाड्यावस्त्यांचा नकाशा झाला. गणिताच्या तासाला पोरं फाट्यावर उभी राहून रोज सकाळी किती माणसं येडशीकडे जातात ते मोजू लागली. मराठीत एका पानाचं पत्र झालं, त्यात रडगाण्याची एक ओळ नाही. मे महिन्यात उत्तर आलं. शाळा उघडल्यावर सहा दिवस गाडी येईल. प्रवासी मिळाले तर फेरी कायम, नाहीतर बंद.

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या हातानं फलक रंगवला. 'आपल्या लेकींची गाडी आली हो!' पारावर लावला आणि घरोघर तेच सांगत सुटले.

इथंच घोळ झाला.

सोमवारी गाडी आली. गावानं नारळ फोडला, पोरींना हळदीकुंकू लावलं. पोरी चढल्या आणि सगळं गाव हात जोडून रस्त्याच्या कडेला उभं राहिलं. चढलं कुणीच नाही. येडशीला दही विकायला जाणारे बलभीम नावाचे एक जाणते शेतकरी आहेत, त्यांनी तर आदल्या दिवशीच पारावर बजावलं होतं, "पोरीबाळींची गाडी हाय. तिच्यात गर्दी करायची न्हाय. बायांनीबी जीपनंच जावा." मंगळवारी तेच, बुधवारी तेच. माणसं रिकाम्या गाडीकडे कौतुकानं बघत जीपला लोंबकळून येडशीला जात होती.

बुधवारी कंडक्टर सोमेशनं सरांना बाजूला घेतलं. "सर, सात टाळकी. शनिवारी माझा रिपोर्ट जाणार. खोटं लिहिता येत न्हाय मला."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी सरांची गत झाली. डेपोला त्यांनी सगळ्या गावाची गरज दाखवली, आणि गावात मात्र गाडी पोरींच्या नावानं वाटून टाकली. हसावं का रडावं कळेना. संध्याकाळी येडशीहून परतलेल्या सातही पोरींना त्यांनी शाळेच्या कट्ट्यावर बसवलं आणि सरळ सांगितलं, "भरताना फुटली. माझी चूक आहे. आता तीन दिवस राहिलेत."

शिवकन्या म्हणाली, "सर, तुमी बोलू नगा. आमी बगतो."

पोरी घरोघर गेल्या, पण गाडी वाचवा असं एकीनंही म्हटलं नाही. ज्याची जी अडचण, तेवढीच बोलल्या. बलभीमांना त्या म्हणाल्या, "तात्या, दह्याचं मडकं जीपच्या टपावर हिंदकळतंय, गाडीत मांडीवर बसंल." ज्यांना येडशीजवळच्या रामलिंगाच्या दर्शनाला जायचं होतं त्यांना परतीची वेळ सांगितली. कडूबाईचे गुडघे वर्षभर दुखत होते. शिवकन्या तिला म्हणाली, "आजी, उद्या येडशीला डॉक्टरला दावू. अर्धं तिकीट हाय तुला."

"पोरींच्या गाडीत म्या कशाला?"

"मला एकटीला भ्या वाटतंय."

हे धादांत खोटं होतं. शिवकन्या भुतालाही भीत नाही. पण गुरुवारी कडूबाई खिडकीशी बसून गेली, आणि परत आल्यावर तिनं पारावर जे वर्णन केलं, त्यापुढं सरांचा फलक काहीच नव्हता. शुक्रवारी बावीस माणसं चढली.

शनिवारी शेवटचा दिवस. पोरी पहाटेपासून दारोदार "चला, निगा" करत फिरत होत्या. सर फाट्यावर उभे होते. गाडी वरच्या वाडीवरूनच निम्मी भरून आली आणि उरलेली जागा पिंपळदरीनं बघता बघता भरली. दारात माणसं, पायरीवर माणसं, बलभीमांच्या मांडीवर मडकं. आणि सातही पोरी दप्तरं घेऊन पळत आल्या, तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

"सर, आता मावत न्हाय," सोमेश वरून म्हणाला. "रिपोर्ट एक नंबर जाणार, सोमवारपासनं गाडी पक्की. पण ह्यांना कुठं बसवू?"

ज्यांच्यासाठी गाडी आणली, त्याच खाली उभ्या होत्या.

तेवढ्यात आतून कडूबाईचा आवाज आला. "सरका, सरका, मला उतरू द्या." गुडघ्यावर हात ठेवत ती एकेक पायरी उतरली, शिवकन्येचा दंड धरला आणि तिला वर ढकललं. "म्या सोमवारी जाईन. हिची शाळा आज हाय." मग तिनं गाडीकडे वळून नुसतं बघितलं. बलभीम मडकं सावरत उतरले. त्यांच्यामागं आणखी पाच जण उतरले. पोरी चढल्या, घंटी वाजली, गाडी गेली.

सर रस्त्यात उभे होते. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

कडूबाईनं पदर खोचला. "गुर्जी, दुसरी गाडी कवा हाय?"

"दुसरी नाही, आजी. त्यासाठी डेपोला पुन्हा अर्ज करावा लागेल."

"मंग ल्हिवा की," कडूबाई म्हणाली. "कोण कोण जाणार, त्यांची नावं म्या सांगते."