टँकरवाल्याच्या दारातलं स्थान

“अरे, येशू इथं पडत नाही! तो चर्चच्या फाटकाशी पडतो!” अँथनीकाका असे ओरडले की चर्चच्या मनोऱ्यातली घंटासुद्धा दचकली असावी. उपवासकाळातला शुक्रवार, येशूच्या यातना आठवत चौदा स्थानांवर थांबायची क्रुसाची वाट चाललेली, आणि येशू पहिल्यांदा पडतो ते स्थान युवा मंडळाच्या पोरांनी मांडलं होतं थेट टँकरवाल्याच्या विहिरीसमोर. ज्याच्या पंपांनी गावाच्या विहिरी आटवल्या, त्याच्याच दारात! त्यात भर म्हणजे तिथं प्रार्थना सांगत होती माझी लेक, रिया. टँकरवाला ओट्यावरून एकेकाचा चेहरा नीट बघून घेत होता. त्याच्या मिशा पाहून म्हशीसुद्धा पान्हा चोरतात. मी गर्दीतून वाट काढत रियाच्या मागं जाऊन उभा राहिलो.

इतकी वर्षं ही वाट चाललो, गुडघे टेकले, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. त्या पहिल्या वाटेवर येशूची आई होती. तिलाही वाटलं असेल का, पोराची बाही ओढावी आणि म्हणावं, घरी चल?

घरी आल्यावर मी रियाला म्हटलं, “बाई गं, त्या टँकरवाल्याची माणसं काय करतील, ठाऊक आहे तुला?”

“पप्पा, पुढच्या शुक्रवारी पण ते स्थान तिथंच आहे,” चपला काढत ती म्हणाली.