तनूची आई

“एक्सप्रेशन कुटंय?”

लेकीची हनुवटी बोटाच्या टोकानं वर उचलायची आणि हे विचारायचं, ही तनूच्या आईची सवय. वडापच्या जीपमध्ये बसल्यावर, माझ्या दुकानात माप देताना, एकदा तर पोरीला ताप असताना दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. पोरगी लगेच हसायची. सगळे दात दाखवून, डोळे मोठे करून. आईचं बोट हनुवटीवरून निघालं की चेहरा पुन्हा होता तसा.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी या बाईला टीव्हीवर पाहिलं असेल. लहान मुलांच्या नाचाच्या त्या कार्यक्रमात आयांसाठी वेगळ्या खुर्च्या असायच्या. त्यातल्या कडेच्या खुर्चीवर, हिरव्या साडीत, पदरानं डोळे टिपत बसलेली. तिला बघून तुम्हीही डोळे पुसले असतील. त्या साडीला फॉल मी लावला होता, म्हणून मला जरा जास्त माहीत आहे.

लोणावळ्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि गॅदरिंगच्या दिवसांत नाचाचे कपडे. सगळं गाव मला भाभी म्हणतं. तीही भाभीच म्हणायची. ती जवळच्याच कुरवंड्याची. माहेर परंदवडीचं. चिक्कीच्या दुकानात पाकिटं भरायला जायची. नवरा पर्यटकांना पॉइंट दाखवायला जीप फिरवायचा. हा माणूस कसा होता ते आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं त्याच्याबद्दल बरंच काही ऐकाल. तो दारू सोडा, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हता. चहासुद्धा अर्धा कप. कमी बोलायचा, आणि बोलला तर गाडीबद्दल किंवा तनूबद्दल.

तनू खरंच नाचायची. हे मान्य करायला हवं. आठ वर्षांची पोर, पण गाणं लागलं की तिचं अंग कुणीतरी दुसरंच चालवतंय असं वाटायचं. पहिल्यांदा माप द्यायला आली तेव्हा रस्त्यावरून कुणाच्या तरी लग्नाचा बँड चालला होता. मी टेप लावतेय आणि हिचे खांदे हलताहेत. मी म्हटलं, “अगं, उभी राहा ना नीट.” ती म्हणाली, “मी उभीच हाय, मावशी.” तिला कळतच नव्हतं की ती नाचतेय.

आईला कळलं होतं. त्या दिवसापासून पोरीचं जेवण सुटलं. सकाळी भिजवलेले मूग, दुपारी काकडी, संध्याकाळी पुन्हा मूग. माझ्या दुकानासमोर वडापावची गाडी आहे. तनू माप देताना नाक तिकडं वळवायची. रमजानात मला रोजा होता, तेव्हा तिची आई हसत म्हणाली, “भाभी, तुमचा रोजा एक महिना. आमच्या पोरीचा बारा महिने.”

मलाही हसू आलं. मग तनूच्या दंडाला टेप लावला आणि हसू गेलं.

पण एक सांगते. ती बाई स्वतःही तेवढंच खायची. मी एकदा डबा पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं. “पोरगी उपाशी अन् म्या जेवू व्हय?” तिच्या पोटातून आवाज येत होता आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी तिला चोरी करायला सांगितली.

दुकानातच एकदा पाय फाकवण्याचा सराव चालला होता. तनू खाली बसली, पण जांघ जमिनीला टेकेना. आईनं मागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळा भार टाकला. पोरगी अशी ओरडली की समोरचा वडापाववाला झारा हातात घेऊन धावत आला.

मी म्हटलं, “अहो, मोडाल तिला.”

“टेकली का न्हाई?” ती म्हणाली. खरंच टेकली होती. “आता दुखंल, मंग न्हाई दुखायचं. तुमी शिलाई बघा, भाभी.” आणि बोट हनुवटीखाली.

त्या कार्यक्रमासाठी पुण्याला निवड झाली, मग मुंबईचं बोलावणं आलं. शाळा सुटली, चिक्कीचं काम सुटलं. दोघी मायलेकी मुंबईत राहायला गेल्या. नवरा मागं एकटा. आठवड्यातून एकदा तो माझ्या दुकानात यायचा, कारण कार्यक्रम रविवारी दुपारी पुन्हा दाखवायचे आणि माझ्याकडं टीव्ही होता. घरी टीव्ही नव्हता असं नाही. पण एकट्यानं बघवत नसावं.

तो रविवार मला आठवतो. तनू नाचली. मी शिवलेला मोरपंखी घागरा होता. टाळ्या थांबल्यावर एका परीक्षकानं विचारलं, “बाळा, घरी कोण कोण असतं?” तनूनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि घडाघडा म्हणाली, “माझे बाबा दारू पितात. ते आईला मारतात. आईनं मला घेऊन घर सोडलं. मी जिंकून आईला घर घेणार आहे.” शेवटच्या शब्दाला आवाज कापला. अगदी जिथं कापायला हवा तिथं. मागं व्हायोलिन वाजलं. परीक्षक बाई उठून तिच्या गळ्यात पडल्या. मग हिरवी साडी दिसली, पदर डोळ्याला.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी त्याच्याकडं बघायचं टाळत होते. तो टीव्हीकडं बघतच राहिला. जाहिराती लागल्या, तेव्हा म्हणाला, “लय बारीक झालीय.”

उठला, चपला घातल्या आणि गेला.

मी त्याच दिवशी तिला फोन लावला. म्हटलं, “अहो, असल्या माणसावर असं बालंट? तेही पोरीच्या तोंडून?”

तिला राग आला नाही. तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. “भाभी, हितं समद्यांना स्टोरी लागती. कार्यक्रमाच्या मॅडमनी इचारलं, बाप हाय का गेला? म्या म्हन्लं, हाय. मंग इचारलं, काय करतो? म्या म्हन्लं, गाडी चालवतो. मारतो का? न्हाई. पितो का? न्हाई. मॅडम माज्याकडं बघतच बसल्या. आता तुमीच सांगा, त्यात काय स्टोरी हाय?”

“म्हणून काहीही सांगायचं?”

“शेजारच्या पोरीचा बाप मेलेला हाय,” ती म्हणाली. “तिला किती व्होट पडली बघा.” तिच्या आवाजात खरा हेवा होता.

व्होट तनूलाही पडले. इकडं ज्या हॉटेलचं काम तिच्या बापाला मिळायचं, त्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. बायकापोरांना पॉइंटवर न्यायला दारुडा ड्रायव्हर कोण देणार? स्टँडवर इतर ड्रायव्हर अंगठा बाटलीसारखा तोंडाला लावून दाखवायचे. वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं. तो पीत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी टीव्हीवर आलं म्हणजे काहीतरी असणारच, असंही त्यांना वाटत होतं.

मग तिचाच फोन आला, माझ्याकडं, कारण नवऱ्याशी ती बोलत नव्हती. एका भागात घरच्यांना अचानक आणायचं होतं. “त्येंना सांगा, या आन् पोरीची माफी मागा. लय चालतंय असलं. पोरगी फायनलला जाईल.”

मी निरोप सांगितला, आणि वर हेही सांगितलं की जाऊ नका. तो दाराच्या चौकटीला टेकला. “तनू भेटंल का पण?” त्यानं विचारलं.

त्याला एकटं पाठवणं मला जमेना. तनूचे नवे कपडेही पोचवायचे होते. मी बरोबर गेले.

स्टुडिओत कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी आम्हाला घ्यायला आली. वागायला चांगली होती, पाणी दिलं, काका काका म्हणत होती. मग म्हणाली, “काका, तुम्ही आत येताना थोड्या झोकांड्या खात आलात तर छान दिसेल.”

तो गोंधळला. “मला न्हाई येत ते.”

तनूची आई तिथंच होती. केस सेट केलेले, गालांची हाडं वर आलेली. कित्येक महिन्यांनी नवऱ्याला बघत होती. कसे आहात नाही, काही नाही. “असं,” ती म्हणाली, आणि त्याला चालून दाखवलं. एक पाय ओढत, खांदा पाडत. हुबेहूब. ती मागं वळली आणि म्हणाली, “माजा बाप असाच यायचा. सोपं हाय.”

परंदवडीच्या माहेराबद्दल तिनं मला सांगितलेलं ते एवढंच.

तो सरळच चालत गेला. स्टेजवर त्या दिव्यांत तो फार लहान दिसत होता. त्यानं हात जोडले. शिकवलेलं वाक्य मोठं होतं, त्यातलं अर्धं विसरला. “माझं चुकलं, बाळा,” एवढंच म्हणाला आणि खरोखर रडायला लागला. हमसून हमसून.

तनू त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या दृष्टीनं ते सगळं पाठ केलेलं नाटक होतं, आणि त्या नाटकात बाबा खरे रडत होते. ती धावत त्याच्याकडं गेली. माईक हातातच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. “बाबा, ते खोटं खोटं होतं. तुमी कुटं पिता? आईनं पाठ करून घेतलं माज्याकडून. तुमी नका ना रडू.”

परीक्षक एकमेकांकडं बघायला लागले. आयांच्या खुर्च्यांमधून तनूची आई उठली. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार, किंवा पाया पडणार. ती शांतपणे चालत स्टेजवर गेली, लेकीच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाली, “बगितलं? बाप समोर आला की पोरगी अशीच बोलती. इतकी भेदरलीय त्येला.”

बसलेल्या लोकांतून एक ‘अरेरे’ उठला. परीक्षक बाईंनी डोळे पुसले. तनूचा बाप हात जोडून तसाच उभा होता. ते हात आता कशासाठी जोडलेत हे त्यालाही कळत नसावं.

टीव्हीवर तुम्ही पाहिलं ते असं. बाप माफी मागतो, पोरगी धावत जाते, आई म्हणते ती भेदरलीय. तनूचं बोलणं कुठंच नव्हतं.

त्यानंतर तिचा नाच होता. गाणं लागलं. तनू हात खाली सोडून उभी. गाणं थांबवलं, पुन्हा लावलं. पोरीचा खांदासुद्धा हलला नाही. आई कडेला उभी राहून आधी खुणा करत होती, मग दबक्या आवाजात ओरडत होती, मग तिनं जाऊन दंडाला चिमटा काढला. तनूनं वर बघितलं आणि हसली. सगळे दात दाखवून, डोळे मोठे करून. पण नाचली नाही. तब्येतीच्या कारणानं स्पर्धा सोडावी लागली, असं पुढच्या भागात सांगितलं.

बापानं तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. मी तनूच्या आईला म्हटलं, “बसा, घरी चला.”

“तुमी जावा,” ती म्हणाली. “माजं काम हाय हितं.” आम्हाला वाटलं, रागात बोलतेय. पण काम खरंच होतं. त्या मॅडमनी तिला ठेवून घेतलं. नव्या आया आल्या की त्यांच्याशी बोलायचं, त्यांच्याकडून घरचं काढून घ्यायचं, काय सांगायचं आणि कुठं थांबायचं ते शिकवायचं. ऐकते की या कामात ती फार हुशार आहे.

आम्ही निघताना ती पळत रस्त्यापलीकडं गेली आणि दोन वडापाव घेऊन आली. एक खिडकीतून तनूपुढं धरला. तनूनं घेतला नाही, बापानं घेतला. जीप वळेपर्यंत मी मागं बघत होते. दुसरा वडापाव ती तिथंच उभी राहून खात होती. केस सेट केलेली ती बाई, दोन्ही हातांनी, घाईघाईनं.

मधे काही वर्षं गेली. तनू कुरवंड्याहून लोणावळ्याच्या शाळेत येते. पाचवी-सहावीतल्या पोरी उंच होतात तशी झाली आहे. नाचाचं नाव काढलं की विषय बदलते. बापाला हळूहळू कामं मिळू लागली, पण त्या हॉटेलचं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तनूची आई दुकानात आली. अंगानं भरली होती, चांगले कपडे, चांगला फोन. कुरवंड्याला गेली नाही. पिशवीतून एक फ्रॉक काढला, गुलाबी, जाळीच्या बाह्यांचा, महाग दिसत होता. “तनूला द्या. म्या आनला म्हनून सांगा.”

मी फ्रॉक उलगडला आणि मला मापायची गरज पडली नाही. आठ वर्षांच्या पोरीचा होता.

“हा तिला नाही व्हायचा,” मी म्हटलं.

तिनं तो माझ्या हातातून घेतला, अंगासमोर धरला, लांबी बघितली. “उसवून मोठा न्हाई व्हनार?”

मी आतली शिवण उलटी करून दाखवली. “कापडच नाही ठेवलेलं.”

ती शिवणीवरून अंगठा फिरवत बसली. मग फ्रॉक टेबलावर ठेवून निघून गेली. त्यानंतर आली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तनू युनिफॉर्मची उंची वाढवून घ्यायला आली, तेव्हा मी तो तिच्यापुढं ठेवला. “तुझ्या आईनं आणलाय.”

तनूनं त्याला हात लावला. बाह्यांच्या जाळीतून बोटं घालून पाहिली. मग नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि माझ्याकडं सरकवली.

“छान आहे, मावशी,” ती म्हणाली. “कुणा लहान मुलीला देऊन टाका.”